रि: शेव्हेनिंगन सहल, शनिवार ११ जुलै

प्रेषक: सचिव
मंडळी, नमस्कार. वार्षिक सहल ११ जुलैला हेगमधल्या शेव्हेनिंगनच्या किनाऱ्यावर. पॉटलक आहे. वडे घरूनच तळून आणा, वाऱ्यात स्टोव्ह टिकत नाही. नावं लवकर कळवा.

प्रेषक: मृदुला
सहल रविवारवर ढकलता येईल का? ११ जुलै हा बॉस्नियातल्या स्रेब्रेनित्सा गावी १९९५मध्ये झालेल्या मुस्लिमांच्या हत्याकांडाचा स्मृतिदिन. हेगमध्ये दरवर्षी कार्यक्रम असतो. आमच्या शेजारच्या बॉस्नियन आजी जातात, यंदा मीही जाणार आहे. आणखी कोणी आलं तर बरं.

प्रेषक: श्रीकांत
मृदुला, तुझी भावना कळते. पण आपलं मंडळ गणपती-दिवाळीचं. आज ही तारीख, उद्या कोणी दुसरी आणेल. १९७१ला पूर्व बंगालात जे झालं त्यासाठी आपण कधी सहल हलवली?

शिवाय तिथे संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत असलेल्या त्या डच पोरांच्या माथी उगाच खापर फोडतात. हातात हलकी हत्यारं, मागितलेली विमानं वेळेवर आली नाहीत, समोर बॉस्नियन सर्ब सेनापती म्लादिचचं सैन्य. त्या शांतिसेनेचे पहिले सेनापती आपले सतीश नांबियार, मराठा लाइट इन्फंट्रीचे. ते मार्च १९९३मध्ये परतले आणि एप्रिलमध्ये स्रेब्रेनित्सा 'सुरक्षित क्षेत्र' जाहीर झालं. राखायला पुरेसं सैन्य नाही, नुसती घोषणा! दोष न्यूयॉर्कमध्ये बसलेल्यांचा.

प्रेषक: मृदुला
काका, ७१चा टोला बरोबर बसला. ती तारीख कोणी सुचवली तर माझा हात पहिला वर असेल.

सैनिकांचं म्हणाल, तर गाव पडलं याबद्दल इथल्या सर्वोच्च न्यायालयानेही राज्याला दोषी धरलेलं नाही. प्रश्न १३ जुलैचा आहे. गावाजवळच्या पोटोचारीच्या डच तळावर हजारो लोक आसऱ्याला आले होते. बाहेर म्लादिचचे सैनिक पुरुषांना वेगळं काढतायत, हे दिसत असताना आतल्या सुमारे ३५० पुरुषांनाही फाटकाबाहेर जाऊ दिलं. त्यांना मारलं. २०१९च्या निकालात डच राज्याची जबाबदारी १० टक्के ठरली. का, तर आत ठेवलं असतं तर वाचण्याची शक्यता तेवढीच होती म्हणे! मेलेल्या माणसाची अशी टक्केवारी वाचून मला मळमळलं. तरी एका राज्याने स्वतःच्याच कोर्टात हे ऐकून घेतलं, हेही थोडं नाही.

हसन नुहानोविचचं प्रकरण वाचा. तो संयुक्त राष्ट्रांचा दुभाषी, म्हणून त्याला तळावर राहता आलं. धाकट्या भावाला बाहेर काढलं. वडिलांना थांबता आलं असतं, पण पोराला एकटं सोडवेना, ते त्याच्यामागे गेले. दोघेही मारले गेले. हसन कोर्टात भांडत राहिला आणि २०१३मध्ये जिंकला.

आणि कोणी म्हणेल हे 'जुनं' झालं, तर तसं नाही. आठ हजारांहून जास्त पुरुष आणि मुलगे मारले. पुरावा लपवायला काही महिन्यांत बुलडोझरने खड्डे उकरून प्रेतं दुसरीकडे नेऊन पुरली. त्यामुळे एकाच माणसाची हाडं दोन-तीन खड्ड्यांत सापडतात. डीएनए जुळल्याचा फोन येतो आणि आईला ठरवावं लागतं: मिळालंय तेवढं पुरायचं, की उरलेल्यासाठी थांबायचं? पोटोचारीला दर ११ जुलैला हिरव्या कापडातल्या पेट्या पुरतात, त्या याच.

म्लादिचला जन्मठेप झाली ती इथेच, हेगला, २०१७मध्ये. २०२१मध्ये ती अपिलातही टिकली. त्याला ठेवलं तो तुरुंगही शेव्हेनिंगनचाच, आपल्या व्हॉलीबॉलच्या जागेपासून फार लांब नाही. डच संरक्षणमंत्र्यांनी माफी मागितली २०२२मध्ये, २७ वर्षांनी. आपल्यातल्या निम्म्यांकडे या देशाचा पासपोर्ट आहे. इथला कर भरतो, मत देतो, मग ही दहा टक्के फक्त 'त्यांची' कशी?

मंडळाचा फलक नको, भाषण नको. तारीख तेवढी हलवा.

प्रेषक: श्रीकांत
मंडळाने यात पडू नये हे मत कायम. पण सहल रविवारी झाली तर माझी हरकत नाही. शनिवारी किती वाजता निघणार आहेस ते कळव.

प्रेषक: सचिव
ठीक. सहल रविवारी, १२ जुलैला. शनिवारी हेगला जाणाऱ्यांनी मृदुलाला परस्पर मेल करावा, सगळ्या लिस्टला नको. व्हॉलीबॉलचं जाळं गेल्या वर्षी कोणी नेलं होतं?