अरुंद खाडीत नांगर कसा टाकावा? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, आमची शिडाची बोट १० मीटर लांबीची आहे. रात्रीच्या मुक्कामासाठी एक अगदी निवांत, तिन्ही बाजूंनी कड्यांनी वेढलेली छोटी खाडी नकाशावर हेरली आहे. अडचण रुंदीची आहे, जेमतेम ८० मीटर.

ओहोटीला पाणी ४ मीटर, त्यावर भरतीचे ३, आणि पाण्यापासून नाळेची (बोटीच्या पुढच्या टोकाची) उंची १, म्हणजे नाळेपासून तळापर्यंत एकूण ८ मीटर. पाचपट धरली तरी ४० मीटर साखळी सोडावी लागेल. वारा फिरला की बोट नांगराभोवती गोल फिरणार, आणि तेवढी जागा तिथे नाही. साखळी कमी सोडणं मला अजिबात पटत नाही. ओढ तळाशी आडवी राहिली नाही तर नांगर उपटतो.

मग नाळेकडून नांगर टाकून मागून किनाऱ्यावरच्या खडकाला दोर बांधावा का? पण रात्री कड्यावरून वाऱ्याचे आडवे झोत आले तर सगळा ताण नांगरावर येईल, ही मोठी धास्ती आहे. त्यापेक्षा पुढे-मागे दोन नांगर बरे का? तळ वाळूचा आहे, मध्येमध्ये गवताचे पट्टे. अशा जागी मुक्काम केलेल्यांनी कृपया सविस्तर सांगा. दोर खडकावर घासू नये म्हणून काय वापरता?