नर्सिंगच्या लेकरांना इमर्जन्सी ट्रेपासून किती दिवस लांब ठेवायचं?

सिस्टर_परभणी: कपाशीवर फवारणी सुरू झाली की आमच्या कॅज्युअल्टीत विषबाधा सुरू. तोंडाला फेस, बाहुल्या टाचणीएवढ्या, छातीत घरघर. त्यावरचा उतारा अॅट्रोपिन, त्याची अँप्युल (काचेची कुपी) 0.6 मिलिग्रॅमची. डॉक्टर 3 मिलिग्रॅम म्हणाले की 5 फोडायच्या, 5 मिनिटांत छाती सुकली नाही तर दुप्पट, म्हणजे 10. अशा वेळी थर्ड इयरची पोरगी काय करते? केसपेपर काढायला पळते. परवा एकीच्या हातात अँप्युल दिली, तर ठिपका आपल्याकडं धरून मागं मोडायची हेही ठाऊक नाही. बोट कापून घेतलं. वर्षभरानं हीच रात्रपाळीला एकटी असणार. सिस्टर शेजारी उभी ठेवा, पण औषध तिनंच भरावं, तिनंच द्यावं.

जुनी_ट्यूटर_लातूर: आणि चुकलं तर सही कुणाची? अॅड्रेनॅलिनचंच बघा. अँप्युल तीच, 1 मिलिग्रॅमची. इंजेक्शनची रिअॅक्शन आली तर अर्धी, मांडीच्या स्नायूत. हृदय बंद पडलं तर पूर्ण, शिरेतून. घाबरलेल्या पोरीनं रिअॅक्शनवाल्याला पूर्ण शिरेत सोडली, तर? पेशंट म्हणजे काय गिरवायची पाटी आहे का? डमीवर घ्या, डिस्टिल्ड वॉटर भरून घ्या.

ब्रदर_बीड: मॅडम, आमच्या कॉलेजात डमी एकच. कपाटात असतो, इन्स्पेक्शनला बाहेर येतो. डोस तोंडपाठ आहेत हो. बाळंतिणीच्या झटक्यांवर मॅगसल्फ (मॅग्नेशियम सल्फेट) देतात, त्याच्या पुढच्या डोसाआधी गुडघ्यावर ठोकून पाय उडतो का बघायचं, श्वास मिनिटाला 16 च्या खाली नको, लघवी मोजायची, उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट हाताशी. पण झटके आलेली बाळंतीण मी बघितलेली नाही. आम्हा पोरांना लेबर रूमच्या दारातूनच परत पाठवतात.

एमओ_हिंगोली: द्यायला हरकत नाही, पण आधी नाव, मात्रा, मुदत मोठ्यानं वाचायची, सिस्टरनं ऐकून ‘हो’ म्हणायचं, मगच पिस्टन दाबायचा. पोटॅशियम क्लोराइडला मात्र हात लावू देणार नाही. ते थेट शिरेत सोडलं की हृदय थांबतं, तिथं शिकवायला वेळ उरत नाही.

जुनी_ट्यूटर_लातूर: ‘हो’ म्हणायला सिस्टर आहे कुठं? रात्री अख्ख्या वॉर्डाला एक. कागदावर सगळं छानच दिसतं.

सिस्टर_परभणी: तुमचं हे खरं आहे, मॅडम. मंगळवारपासून माझी नाइट आहे. दोघीच पाठवा, जास्त नको. मी राहते उभी.