उद्यानाच्या आरक्षित जागेवर गृहप्रकल्प : हरकत कशी नोंदवावी? मदत हवी आहे

नमस्कार. पुण्याच्या पश्चिम उपनगरात, आमच्या सोसायटीला लागून असलेल्या आणि विकास आराखड्यात उद्यानासाठी राखून ठेवलेल्या भूखंडाचे आरक्षण वगळून तो निवासी विभागात घेण्याची सूचना महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ अन्वये प्रसिद्ध झाली असून, हरकतींसाठी एका महिन्याचीच मुदत आहे. नवीन घरांना आमचा सरसकट विरोध नाही. परंतु समोरून कचऱ्याची गाडी आली की रिक्षा मागे घ्यावी लागते अशा अरुंद रस्त्यावर उंच इमारतींची वर्दळ कशी सामावणार? उन्हाळ्यात तर टँकरचीच रांग असते.

प्रत्येक कुटुंबाने स्वतंत्र हरकत द्यावी, की सर्वांच्या सह्यांचे एकच निवेदन पुरेल? सुनावणीच्या वेळी भाग नकाशा आणि सातबारा उताऱ्याखेरीज कोणती कागदपत्रे जवळ असावीत? माहिती अधिकारातील उत्तराला ३० दिवस लागू शकतात, म्हणजे तोवर ही मुदत संपलेली असेल. तेव्हा हरकत आधी दाखल करून पुरावे नंतर जोडता येतात का? अशा सुनावणीला स्वतः उभे राहिलेल्यांनी कृपया सविस्तर लिहावे. ‘वकील गाठा’ हा सल्ला आधीच मिळालेला आहे.