शेजारचा मुलगा मिशनवर साप्पोरोला चाललाय : त्याचा आठवडा कसा असतो, आणि भेट काय द्यावी?

पायरीवरचा

अमेरिकेत, युटातल्या लेही गावात राहतो. शेजारच्या मॉर्मन (एक ख्रिस्ती पंथ) कुटुंबातल्या 18 वर्षांच्या मुलाला मिशनचं, म्हणजे घर सोडून चर्चचं काम करायला जाण्याचं, बोलावणं आलंय : जपान, साप्पोरो मिशन, दोन वर्षं. आधी प्रशिक्षण, मग जानेवारीअखेर थेट होक्काइदोच्या (जपानचं उत्तरेकडचं बेट, साप्पोरो तिथेच) बर्फात. पुढच्या शनिवारी त्यांच्याकडे निरोपाचं जेवण आहे आणि आम्हाला आमंत्रण आहे.

जाणकारांना विचारायचंय ते असं. तिथे त्याचा आठवडा प्रत्यक्षात कसा जातो? घरचे सारखं 'सर्व्हिस' म्हणतात, म्हणजे धर्मप्रचार की श्रमदान? आणि उपयोगी पडेल अशी भेट कोणती? मनात तीन गोष्टी आहेत : लोकरीचा जाड कोट, इथलं सुकं मांस (त्याला फार आवडतं) आणि सर्दीतापाच्या गोळ्यांची छोटी पेटी.

धर्मांतर योग्य की अयोग्य यावर इथे चर्चा नको. त्यासाठी वेगळा धागा काढा, मीही तिकडे येईन.

काटेकोर

आधी शब्दाचं. 2018 पासून हे चर्च स्वतःसाठी 'मॉर्मन' शब्द टाळतं आणि पूर्ण नाव वापरा म्हणतं : चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स. जेवताना 'तुमचं चर्च' म्हटलंत तरी भागेल.

सप्ताहाचा सांगाडा जगभर जवळपास सारखाच असतो. सकाळी 6:30 ला उठायचं, अर्धा तास व्यायाम, आंघोळ, नाश्ता. आठच्या सुमारास एकट्याचा अभ्यास, मग जोडीदाराबरोबर (मिशनरी दोघादोघांच्या जोडीने राहतात) अभ्यास. परकी भाषा शिकणाऱ्याला त्यात भाषेचा अर्धा-एक तास आणखी. दहा-अकराला बाहेर, रात्री नवाच्या आसपास घरी, दुसऱ्या दिवसाची आखणी, 10:30 ला दिवे बंद. 2017 पासून या वेळा देशाप्रमाणे थोड्या मागेपुढे करायची मुभा आहे.

सोमवार बहुधा 'पी-डे', म्हणजे तयारीचा दिवस. कपडे धुणं, वाणसामान, केस कापणं, घरी फोन. नाव सुट्टीचं, पण संध्याकाळी सहाला ती संपते आणि पुन्हा टाय चढतो. आठवड्यात एकदा आसपासच्या जोड्यांची बैठक, एकदा आठवड्याची आखणी, एखाद्या संध्याकाळी फुकट इंग्रजी संभाषणवर्ग (जपानी मिशनांत हा जुना प्रघात, 'एइकाइवा' म्हणतात), रविवारी दोन तासांची प्रार्थनासभा. उरलेल्या वेळात भेटी : ठरलेल्या, आणि ठरून रद्द झालेल्या.

जोडीदार हा सगळ्याचा कणा. न्हाणीघर सोडलं तर दोघांनी एकमेकांच्या नजरेच्या आणि हाकेच्या टप्प्यात राहायचं, चोवीस तास. जोडीदार निवडता येत नाही, गाव तर नाहीच. दर सहा आठवड्यांनी बदल्या होतात. कोणी तिथेच राहतो, कोणी ट्रंक बांधतो. पहिले बारा आठवडे जुन्या मिशनरीच्या हाताखाली.

नवा पोरगा कुठे अडखळतो? व्याकरणापेक्षा नकार ओळखण्यात. "शनिवारी येऊ का?" विचारल्यावर समोरचा "दोयोबी वा चोत्तो..." म्हणून वाक्य हवेत सोडून देतो. 'चोत्तो' म्हणजे 'थोडंसं', हे प्रशिक्षणात शिकलेलं असतं. त्यामुळे पोराला वाटतं, शनिवारी थोडा वेळ आहे. प्रत्यक्षात तो सरळ नकार असतो, आपल्या 'बघू हं'सारखा. मग शनिवारी बंद दारासमोर उभं राहायचं.

बर्फाळ

सेवेबद्दल लिहितो, कारण तिथे घोळ होतो. मिशनरी दोन प्रकारचे. घरी राहून अन्नपेढी वगैरे ठिकाणी काम करतात ते 'सर्व्हिस मिशनरी'. तुमच्या शेजारचा मुलगा दुसऱ्या प्रकारातला. त्याचं मुख्य काम शिकवण्याचंच, श्रमदानाला आठवड्यातले चारेक तास हे जुनं माप. 'सर्व्हिस' हा शब्द घरचे दोन्ही अर्थांनी वापरतात.

साप्पोरोत हे चार तास डिसेंबर ते मार्च बर्फ उपसण्यातच जातात. हिवाळाभरात सुमारे पाच मीटर बर्फ पडतो, आणि एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला दार उघडून बाहेर पडणंही अवघड होतं. या कामाला 'युकीकाकी' म्हणतात. ताकदीपेक्षा क्रम महत्त्वाचा.

पहिल्यांदा हीटरचा धूर बाहेर सोडणारी भिंतीतली नळी मोकळी करायची. ती बुजली तर जळलेला वायू घरात परततो आणि कार्बन मोनॉक्साइडने माणूस झोपेतच जातो. मग गॅसमीटर. त्यानंतर दारापासून रस्त्यापर्यंत एका माणसापुरती वाट. अंगण सर्वांत शेवटी, तेही दम उरला तर. नवे लोक अंगणापासून सुरुवात करतात.

अवजारं तीन. भुसभुशीत ताज्या बर्फाला प्लास्टिकचं हलकं फावडं. ढिगारा हलवायला 'मामासान डंप', म्हणजे दोन हातांनी धरायचं रुंद घमेलंवजा ढकलपात्र. त्याचा दांडा खाली दाबून बर्फ कापायचा, पात्र मागे कलवायचं आणि घसरगुंडीसारखं ढकलत न्यायचं. उचलायचं अजिबात नाही. तिसरं धातूच्या धारेचं फावडं, कारण पालिकेचा बर्फनांगर पहाटे रस्ता साफ करून जातो आणि प्रत्येक दारासमोर कठीण ढेकळांचा बांध ठेवून जातो. प्लास्टिकचं फावडं त्यावर चिरतं.

वजनाचा अंदाज : 20 लिटर ताजा बर्फ साधारण दोन किलो. तोच मार्चमधला ओला असेल तर सहा किलोच्या वर. अठरा वर्षांची कंबरसुद्धा तासाभरात बोलायला लागते. फावड्याला आधी सिलिकॉनचा फवारा मारला की बर्फ चिकटत नाही.

उपसलेला बर्फ रस्त्यावर टाकायचा नाही, कायद्याने मनाई आहे. अग्निशमनाचा नळ बुजवायचा नाही. काही भागांत रस्त्याखालून पाणी वाहणारे चर असतात, त्यांच्या झाकणातून बर्फ सोडता येतो, पण त्या त्या गल्लीला नेमून दिलेल्या वेळेतच. वळचणीखाली उभं राहायचं नाही, वरचा थर एकदम सुटतो. आणि आजीबाईंनी कितीही गळ घातली तरी छपरावर चढायचं नाही.

बाकीचे नियमही कडक आहेत. दोघं मुलगे असतील तर एकट्या बाईच्या घरात आत जायचं नाही, दारातूनच. मुलं सांभाळायची नाहीत. कामाचे पैसे घ्यायचे नाहीत.

पायरीवरचा

बर्फाळ, हे फारच कामाचं. मी समजत होतो सायकलवर पांढरा शर्ट घालून फिरतात, संपलं.

म्हणजे जाड कोट द्यावा ना?

ट्रंकवाली

कोट नको. त्याला आधीच यादी मिळालेली असते आणि कोट त्याच्या आईने केव्हाच घेतलेला असतो. विमानाला साधारण 23 किलोच्या दोन बॅगा धरा. त्यात दोन वर्षांचे कपडे, सूट, पुस्तकं. तुमचा तीन किलोचा कोट शेवटच्या रात्री बाहेर काढून खुंटीला टांगतील, आणि वाईट तुम्हालाच वाटेल.

सुकं मांस तर नकोच. जपानमध्ये मांसाचे पदार्थ प्राणी-विलगीकरण तपासणीच्या दाखल्याशिवाय नेता येत नाहीत. विकतचं हवाबंद पाकीट असलं तरी विमानतळावर काढून घेतात, दंडाची तरतूदही आहे. नंतर पार्सलने पाठवायलाही हाच नियम.

गोळ्यांची पेटी त्याहून धोक्याची. अमेरिकेत सहज मिळणाऱ्या सर्दीच्या काही गोळ्यांत सुडोएफेड्रिन असतं, आणि ते 10 टक्क्यांहून जास्त असलेलं औषध जपानमध्ये नेणं बेकायदा आहे. लक्ष लागावं म्हणून अमेरिकेत देतात त्या अँफेटामाइनच्या गोळ्या डॉक्टरची चिठ्ठी असली तरी चालत नाहीत. इथे मुलं त्या सर्रास घेतात म्हणून मुद्दाम लिहिलं. तो मुलगा नियमित औषध घेत असेल तर घरच्यांच्या कानावर घाला. बहुतेक त्यांना माहीत असेल, पण विचारण्यात तोटा नाही.

मग द्यायचं काय? मोजे. लोकर-मिश्र, गडद रंगाचे, सहा जोड. हसू नका. जपानमध्ये दर घरात बूट दारात काढायचे, दिवसातून आठ-दहा वेळा, म्हणजे मोजाच लोकांसमोर येतो. अंगठ्यापाशी भोक असेल तर सगळ्या घराला दिसतं. सुती मोजा बर्फात एकदा भिजला की दिवसभर ओलाच राहतो.

दुसरं, बूट त्याच्या मापाचे तिथे मिळतील का ते बघा. अमेरिकन 12 नंबर म्हणजे सुमारे 30 सेंटिमीटर, आणि साध्या जपानी दुकानात 28 च्या पुढे शोधाशोध सुरू होते. त्याचा पाय मोठा असेल तर इथूनच चांगले हिवाळी बूट न्यावे लागतील. घट्ट नाड्यांचे नकोत, दर दारात दोन मिनिटं जातात. तळाला बसवायचे काढ-घाल काटे साप्पोरोत कोपऱ्यावरच्या दुकानातही मिळतात, ते वाहून न्यायची गरज नाही.

रोख द्यायची असेल तर घरच्यांकडे द्या. मिशनरीला पगार नसतो. घरचे दरमहा ठरलेली रक्कम चर्चकडे भरतात, आणि मुलाला तिकडे खर्चापुरते पैसे मिळतात.

बर्फाळ

ट्रंकवालींशी सहमत. भर एवढीच की होक्काइदोत हिवाळ्यात सायकल बंदच असते. चालणं, बस, भुयारी रेल्वे. सायकल एप्रिलपासून, हेल्मेटसह.

खोलीतल्या दोन गोष्टी त्याच्या कानावर घातल्यात तर मोज्यांइतकाच उपयोग होईल. एक, 'मिझुनुकी', म्हणजे रात्री नळातलं पाणी काढून टाकणं. तापमान उणे चारच्या खाली जाणार असेल किंवा खोली दिवसभर रिकामी राहणार असेल तर निचऱ्याची चावी पूर्ण फिरवायची आणि सगळे नळ उघडून आत हवा शिरू द्यायची, म्हणजे नळीतलं पाणी खाली उतरतं. संडासची टाकीही रिकामी करायची. चूक नेहमी एकच : चावी अर्धवट फिरवणं. मग पाणी गुपचूप जमिनीत वाहत राहतं, आणि ते कळतं थेट बिलावरून.

दुसरं, कचरा. साप्पोरोत जळणारा कचरा पालिकेच्या विकतच्या पिवळ्या पिशवीतच घालावा लागतो. 40 लिटरची पिशवी 80 येन, 5 लिटरची 10. आठवड्यातून दोनदा, सकाळी 8:30 च्या आत. चुकीच्या दिवशी ठेवलेल्या पिशवीवर चिठ्ठी डकवतात आणि ती तिथेच राहते. परदेशी पोरांच्या खोलीची शेजारात अब्रू जाते ती इथेच, धर्माशी तिचा काही संबंध नाही.

काटेकोर

पत्रव्यवहाराचं राहिलं. 2019 पासून मिशनरी दर आठवड्याला घरी फोन किंवा व्हिडिओ कॉल करू शकतात. त्याआधी नाताळ आणि मातृदिन, असे वर्षाला दोनच फोन असत. तुमच्यासाठी ईमेल बरा. तो पी-डेला वाचतो. साप्पोरोचे सोमवार सकाळचे नऊ म्हणजे तुमच्याकडे रविवार संध्याकाळचे पाच (उन्हाळी घड्याळात सहा). रविवारी दुपारपर्यंत पाठवलंत की वेळेत पडेल. पत्र छोटं लिहा. त्या दिवशी त्याला धुणंही उरकायचं असतं, आणि जोडीदार शेजारीच बसलेला असतो.

अवांतर : यांचे मिशनरी आपल्याकडेही फार पूर्वी येऊन गेलेत. 1852 मध्ये ह्यू फिंडले मुंबईत उतरला आणि पुढे पुण्यालाही गेला. जपानमध्ये ते पोचले त्यानंतर जवळपास अर्धशतकाने, 1901 मध्ये.

पायरीवरचा

मोजे ठरले, बुटाचं माप आजच विचारतो. शेवटचा प्रश्न : जेवायला काही करून न्यायचं म्हणतोय. आलं घातलेला मसाला चहा थर्मासमधून नेला तर?

ट्रंकवाली

चहा नको! कॉफी, चहा, दारू, तंबाखू चारही वर्ज्य, आणि हिरवा चहाही त्यातच येतो. जपानमध्ये त्याची पहिली अडचण हीच होणार. दर घरात पाहुण्यापुढे तोच ठेवतात, त्यामुळे बार्लीचा 'मुगीचा' मागायला तो आधी शिकेल. तो चालतो.

तुम्ही कोकम सरबत न्या, किंवा पन्हं. आणि शनिवारचं रविवारवर ढकललं गेलं तर तारीख बघा. महिन्याच्या पहिल्या रविवारी त्यांचा उपास असतो, दोन वेळचं जेवण सोडतात आणि पाणीही पीत नाहीत. त्या दिवशी दुपारी डबा घेऊन जाऊ नका.