अनुभव धागा : शिष्यवृत्ती, फी आणि कॉलेजची निवड. तुमच्या घरी काय झालं?

माझा मुलगा यंदा बारावी झाला. इंजिनिअरिंगच्या सीईटीला ९८.७ पर्सेंटाइल आहेत. गेले पंधरा दिवस आमच्या चिपळूणच्या घरात ताटावर बसल्यावरही चॉइस कोडच (फॉर्ममध्ये भरायचे कॉलेज-ब्रँचचे नंबर) चालू आहेत. आम्ही खुल्या गटातले, उत्पन्न आठ लाखांच्या आत. त्यामुळे दोन वाटा दिसतात. एक, टीएफडब्ल्यूएसची, म्हणजे ट्यूशन फी वेव्हर स्कीमची, फी माफीची जागा. दुसरी, साधी जागा घेऊन राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीतून निम्मी फी परत मिळवायची. कागदावर दोन्ही सोप्या वाटतात, पण ज्यांनी यातून मुलं शिकवली किंवा जे स्वतः शिकले त्यांच्याकडून ऐकायचंय. काय ठरवलं, पैसे हातात कधी पडले, कोणती अट नंतर कळली, एवढं सांगा. इंजिनिअरिंगच असं नाही. विज्ञान, शाळेतल्या शिष्यवृत्त्या, परदेश, सगळं लिहा. पुढच्या वर्षी माझ्या जागी दुसरी कोणी आई असेल, तिलाही उपयोग होईल.

मूळचा बार्शीचा, नोकरी पुण्यात

ताई, मी टीएफडब्ल्यूएसवरच शिकलो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. वडिलांचं शिलाईचं दुकान होतं. बारावीपर्यंत हा शब्दसुद्धा ऐकला नव्हता. ऑप्शन फॉर्म भरताना क्लासच्या सरांनी बोट ठेवून दाखवलं की त्याच कॉलेजचा, त्याच ब्रँचचा आणखी एक कोड आहे, शेवटी टी असलेला. मंजूर जागांच्या वर ५ टक्के जागा या योजनेच्या असतात आणि त्यांचा कोड वेगळा भरावा लागतो. माझ्या वर्गातल्या दोघांनी तो भरलाच नाही. मार्क होते, उत्पन्न बसत होतं, पण जागा गेली.

आता खरी गोष्ट. मागणी असलेल्या ब्रँचला टी कोडचा कटऑफ बऱ्याचदा खुल्या गटाच्याही वर जातो. म्हणजे फी माफ हवी तर त्याच मार्कांवर एक पायरी खालचं कॉलेज घ्यावं लागतं. मी घेतलं. ज्या कॉलेजचं नाव आठवीपासून डोक्यात होतं ते सोडलं. ऑगस्टमध्ये तिथे लागलेल्या मित्राला सोडायला गेलो होतो, त्याच्या होस्टेलच्या जिन्यावर बसून रडलो होतो, हे आज पहिल्यांदाच सांगतोय.

दोन गोष्टी प्रवेशाच्या दिवशी कळल्या. माफ होते ती फक्त शिकवणी फी. डेव्हलपमेंट फी, परीक्षा फी, होस्टेल, मेस हे सगळं आपल्यालाच. आम्ही खिशात पाच हजार घेऊन गेलो होतो. वडिलांनी कापडाच्या व्यापाऱ्याला तिथूनच फोन लावला. दुसरी गोष्ट, या जागेवर घेतलेला प्रवेश पुढे ब्रँच किंवा कॉलेज बदलून देत नाही. मला दुसऱ्या वर्षी मेकॅनिकल सोडायचं होतं, पण रस्ता बंद होता.

तरी मी परत तेच करेन. रूमवर आम्ही चौघं होतो. बाकी तिघांची फी महाडीबीटीवरून, म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरून, यायची. हप्ता कधी वर्ष संपताना यायचा, कधी पुढच्या वर्षात. कोणाचं आधार बँकेला जोडलेलं नाही, कोणाचा अर्ज कॉलेजच्या टेबलावरच पडून. परीक्षेचा फॉर्म भरायची वेळ आली की तिघांची धावपळ सुरू. माझ्या फीचा पैसा कुठून यायचाच नव्हता, त्यामुळे तो अडकायचाही नाही. चार वर्षं वडिलांना फीसाठी एकही फोन केला नाही. एक पायरी खालचं कॉलेज आणि ही शांती, मला हिशेब जमला.

नाशिक, मुलगी एमएस्सीला

आमच्याकडे भांडण वेगळं होतं, "एवढे मार्क आणि बीएस्सी?" सासूबाईंपासून शेजारच्या काकांपर्यंत सगळ्यांनी विचारून झालं. मुलगी बोर्डाच्या वरच्या १ टक्क्यात आली होती, त्यामुळे केंद्र सरकारच्या इन्स्पायर शिष्यवृत्तीला (मूलभूत विज्ञान शिकणाऱ्यांसाठी) पात्र होती. वर्षाला ८० हजार, त्यातले ६० हजार मुलीच्या खात्यात आणि २० हजार उन्हाळ्यातल्या संशोधन प्रकल्पासाठी. पाच वर्षांपर्यंत मिळते. अनुदानित कॉलेजात बीएस्सीची फी काही हजारांतच असते, म्हणजे राहण्याखाण्याचा खर्चही निघतो.

पण तिला बायोटेक्नॉलॉजी हवी होती आणि ती इन्स्पायरच्या विषयांच्या यादीत नाही. मायक्रोबायॉलॉजी आहे, बायोकेमिस्ट्री आहे. हे आम्हाला प्रवेशाच्या आठवडाभर आधी कळलं. तिने दोन दिवस घेतले. दोन्हीकडचा अभ्यासक्रम आणून शेजारी शेजारी ठेवला आणि मायक्रोबायॉलॉजी घेतली. पैशांसाठी विषय बदलायला मी तिला सांगितलं नव्हतं, हे मला नोंदवून ठेवायचंय. तिला ते पटलं म्हणून तिने घेतलं.

पहिल्या वर्षाचे पैसे दुसऱ्या वर्षात आले. तोवर मी भिशी उचलली. दर वर्षी गुणपत्रिका आणि प्रकल्पाचा अहवाल पाठवावा लागतो, तो राहिला की पुढचं थांबतं. पण तो प्रकल्प! दुसऱ्या वर्षाच्या सुट्टीत ती पुण्याला एनसीएलमध्ये, म्हणजे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, सहा आठवडे होती. परत आली तेव्हा रात्री जेवताना तिने आम्हाला तासभर एका बुरशीबद्दल सांगितलं. सासूबाई शेवटपर्यंत ऐकत होत्या.

जिल्हा परिषद शाळेतला शिक्षक, परभणी जिल्हा

कॉलेजचा प्रश्न आठवीपासूनच सुरू होतो, म्हणून लिहितो. एनएमएमएस ही केंद्र सरकारच्या शिष्यवृत्तीची परीक्षा आठवीला असते. पालकांचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं. निवड झाली की नववी ते बारावी वर्षाला १२ हजार रुपये. आमच्याकडे ऊसतोडीला जाणाऱ्यांची लेकरं या परीक्षेत येतात आणि त्या १२ हजारांवर घरातल्या बहिणीचंही शिक्षण चालतं.

माझा एक विद्यार्थी दहावीला ९४ टक्के घेऊन पास झाला. सगळ्यांनी लातूर, लातूर केलं. मीही केलं. अकरावीला तिथे नाव असलेल्या कॉलेजात घातला. ते विनाअनुदानित निघालं. ही शिष्यवृत्ती फक्त शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थेच्या आणि अनुदानित ठिकाणी शिकणाऱ्यालाच मिळते. दोन वर्षांचे २४ हजार गेले. त्याच्या बापानं मला एक शब्द विचारला नाही, ते जास्त लागलं. चूक माझी होती, मी फक्त निकाल बघितला. आता दहावी झालेल्या प्रत्येक पोराला आधी कॉलेज अनुदानित आहे का ते विचारून यायला लावतो. दहावीला ६० टक्क्यांची अट आहे आणि दर वर्षी नूतनीकरण करावं लागतं, हेही पालकांना कोणी सांगत नाही.

डोंबिवलीचे, सध्या ऑस्टिन, टेक्सस

इथे अकरावीत पीएसएटी ही परीक्षा देतात आणि तिच्यावरून नॅशनल मेरिट शिष्यवृत्तीची पहिली यादी लागते. प्रत्येक राज्याची कटऑफ वेगळी असते, टेक्ससची बरीच वर असते. मुलगी त्या कटऑफच्या वर होती. पण त्यासाठी नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड लागतं, निदान ग्रीन कार्डाचा अर्ज तरी भरलेला हवा. आमची रांगेतली तारीखच लागली नव्हती. इथेच वाढलेली पोर, शाळेत पहिल्या चारांत, आणि तिला हे आम्ही स्वयंपाकघरात बसवून सांगितलं. सरकारी मदतीचा फाफ्सा अर्जही याच कारणाने बाद.

दुसरा गैरसमज आयव्ही लीगचा, म्हणजे हार्वर्ड, येल वगैरे नामांकित विद्यापीठांच्या गटाचा. ती आठही विद्यापीठं हुशारीवर शिष्यवृत्ती देतच नाहीत, फक्त घरची गरज बघतात. आणि टेक्ससमध्ये वर्गात वरच्या काही टक्क्यांत असलं की ऑस्टिनच्या विद्यापीठात प्रवेश नक्की, हे खरं, पण हवी ती शाखा नक्की नाही. कॉम्प्युटर सायन्ससाठी वेगळी निवड होते.

शेवटी तिने जिथे गुणवत्तेवर चांगली रक्कम मिळाली ते विद्यापीठ घेतलं. अट होती ३.५ जीपीए (सरासरी गुणांक). पहिल्या सत्रात कॅल्क्युलस आणि केमिस्ट्री एकत्र आलं आणि ३.४ झाले. डिसेंबरची सुट्टी आमच्या घरात कोणी धड जेवलं नाही. पुढच्या सत्रात तिने भरून काढलं. ती अट देकाराच्या पत्रात होती, अगदी खाली. आम्ही तिघांनीही वरचा आकडाच वाचला होता.

आयआयटीतून तीन वर्षांपूर्वी बाहेर पडलेला

थोडक्यात. घरचं उत्पन्न १ लाखापर्यंत असेल तर शिकवणी फी पूर्ण माफ, १ ते ५ लाखांत दोन तृतीयांश माफ. माझे वडील एसटीत वाहक. तिसऱ्या वर्षी त्यांची थकबाकी एकदम मिळाली आणि उत्पन्न ५ लाखांच्या थोडं वर गेलं. त्या वर्षी सत्राला लाख रुपये पूर्ण भरावे लागले, म्हणजे थकबाकी जवळपास तिकडेच गेली. दाखला दर वर्षी नवा लागतो, हे घरी आधीच सांगून ठेवा.

कोल्हापूर, बाबा

८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी मुलींची शिकवणी आणि परीक्षा फी पूर्ण माफ झाली, उत्पन्न आठ लाखांपर्यंत. माझ्या मुलीचं पहिलंच वर्ष. कॅपच्या (सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या) फेरीत मिळालेली जागा आम्ही नाकारली, कारण तिला आणखी चांगलं कॉलेज हवं होतं, आणि नंतर तिला हव्या असलेल्या कॉलेजात संस्था स्तरावरून, म्हणजे थेट कॉलेजकडून, प्रवेश घेतला. "माफी होईल" असं खिडकीवर सांगितलं गेलं. झाली नाही. माफी कॅपमधून झालेल्या प्रवेशालाच आहे. आता चार वर्षं पूर्ण फी. मुलगी खूश आहे, छान शिकतेय, मी कर्ज फेडतोय. पण खिडकीवरचा तो शब्द मी लेखी मागायला हवा होता.

पुण्यातली एक मैत्रीण

फीचा विचार झाला की राहण्याचा करा. मी विद्यार्थी सहाय्यक समितीच्या वसतिगृहात राहिले. १९५५ पासून ही संस्था गावाकडच्या मुलामुलींना पुण्यात आधार देते. रोज ठरलेलं काम करायचं आणि शिकायचं. ती जागा नसती तर फी माफ होऊनही मी पुण्यात राहू शकले नसते.

चिपळूण

सगळ्यांचं वाचलं, मुलालाही वाचून दाखवलं. काल रात्री वहीत चार वर्षांचे चार रकाने केले. प्रत्येकात शिकवणी फी, बाकीची फी, राहणं, आणि पैसे उशिरा आले तर आधी भरायला लागणारी रक्कम. शेवटची ओळ लिहिताना आमच्या ह्यांनी सोसायटीच्या कर्जाचा आकडाही मांडला. पहिल्या पसंतीची जागा लागली तर ती घ्यावीच लागते, म्हणून ती ओळ मुलालाच लिहू दिली. त्याने पुण्यातल्या दुसऱ्या फळीतल्या कॉलेजचा कॉम्प्युटरचा टी कोड लिहिला. बार्शीच्या दादांचा अनुभव त्याने दोनदा वाचला होता. ब्रँच बदलता येणार नाही हे कळतंय का, असं मी विचारलं, तर म्हणाला, म्हणूनच कॉम्प्युटर लिहिलंय. उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज सेतूत दिलाय, सोमवारी मिळेल म्हणालेत. फॉर्म मंगळवारी लॉक करू.