कार्बुरेटर बदलण्याआधी डिस्ट्रिब्युटर उघडा

जोंगा या लष्करी बनावटीच्या जुन्या जीपला मोठा कार्बुरेटर (हवेत पेट्रोल मिसळणारा भाग) लावला की ताकद वाढते, असं बरेच जण म्हणतात. वाढेल, पण आधी जुन्या इंजिनातली हरवलेली ताकद परत मिळवा. जळगावच्या आमच्या जोंगात तेच ३९५६ सीसीचं सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन आहे. चाळीसगावहून कन्नडचा घाट चढताना गाडी दम टाकायची. टायमिंग लाइट (ठिणगी नेमकी कधी पडते ते दाखवणारा दिवा) लावून रेस दिली, तर सरकायला हवी ती इंजिनच्या पुलीवरची खूण जागची हलेना! डिस्ट्रिब्युटर (प्रत्येक प्लगला ठिणगीची वीज वाटणारा भाग) उघडला, तर ॲडव्हान्सची, म्हणजे इंजिनचा वेग वाढला की ठिणगी आधी पाडणारी, दोन्ही वजनं सुकलेल्या ग्रीसमध्ये घट्ट चिकटलेली. रॉकेलने धुतली, तेलाचा थेंब दिला, आणि तोच घाट एक गियर वर चढला.

सहाही स्पार्क प्लग काढून ओळीने मांडून बघा. मधोमध एकच कार्बुरेटर असला की टोकाच्या १ आणि ६ नंबरला बऱ्याचदा पेट्रोल कमी पोचतं, ते प्लग पांढरट दिसतात. त्यांच्यासाठी जेट (कार्बुरेटरमधलं पेट्रोल सोडणारं बारीक छिद्र) मोठा केला की मधले जास्त पेट्रोलने काळे पडतात. आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ ला टेकतो, तेव्हा बॉनेटखालची तापलेली हवा इंजिनला देऊच नका, रेडिएटरच्या पुढून पाइप आणा. १० अंशांनी गार असलेली हवा साधारण ३ टक्के जास्त दाट असते.