उपचार करणाऱ्यांचा सल्ला शासनाने कायमस्वरूपी घ्यावा का?

तालुका वैद्यकीय अधिकारी (प्रश्न):
कोविडच्या साथीत, एप्रिल २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने डॉ. संजय ओक यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञ डॉक्टरांचे कृती दल नेमले आणि प्रत्यक्ष रुग्ण पाहणाऱ्यांचे म्हणणे थेट शासनापर्यंत पोहोचण्याची वाट तयार झाली. साथ नसताना अशी व्यवस्था का असू नये, आणि असल्यास तिच्यात कोण असावे?

बालरोगतज्ज्ञ:
व्यवस्था हवीच, मात्र तिच्यामागे पुराव्याचे बळ असले पाहिजे. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी गावातील प्रशिक्षित स्त्रियांकरवी नवजात बाळांची घरोघरी काळजी घेण्याची पद्धत उभी केली, तिचे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले आणि २०११ मध्ये केंद्र शासनाने ती आशा कार्यकर्त्यांमार्फत देशभर राबवायला घेतली. मधली बारा वर्षे मला फार अस्वस्थ करतात, कारण कायमस्वरूपी सल्लागार मंडळ असते तर हा काळ कमी होऊ शकला असता.

वॉर्डातील परिचारिका:
अशा समित्यांवर बहुधा मोठ्या शहरांतील नामवंत डॉक्टरच असतात. रात्रपाळीत चाळीस खाटा सांभाळणारी परिचारिका, औषधनिर्माता आणि उपकेंद्रातील आरोग्यसेविका यांनाही तितक्याच अधिकाराने स्थान मिळावे.

तालुका वैद्यकीय अधिकारी:
पूर्णपणे मान्य. शिवाय एखादी शिफारस नाकारल्यास शासनाने त्याची कारणे लेखी द्यावीत, आणि बैठकीच्या दिवशी सदस्याच्या जागी रुग्णालयात बदली कर्मचारी मिळावा. अन्यथा ग्रामीण भागातून कोणीही येऊ शकणार नाही.